वेशीवरच्या गावाचा वार्ताफलक: बातमी कशी जमवायची, कशी मांडायची आणि तिच्या जोरावर काम कसं करून घ्यायचं

आमच्या चौकात किराणा दुकानाच्या भिंतीला चार फूट बाय तीन फुटांचा एक काळा फळा आहे. रोज सकाळी साडेसहाला शेजारचे काकाजी नाहीतर मी, दोघांपैकी कोणीतरी तो ओल्या फडक्याने पुसतं, वाळू देतं आणि नव्याने लिहितं. दूध घ्यायला आलेली माणसं पिशवी हातात धरून तो वाचतात आणि मगच घरी जातात.

सुरुवात पाण्यावरून झाली. एका उन्हाळ्यात चार दिवस नळ कोरडे होते. मोबाइलच्या ग्रुपवर दिवसभर एकच प्रश्न, "पाणी कवा येऊन राहिलं?" शंभरावर निरोप, आणि उत्तर एकाकडेही नाही. पाणी सोडणाऱ्या माणसाला काकाजींनी फोन केला तेव्हा दोन मिनिटांत कळलं, टाकीजवळची वाहिनी फुटली आहे, दुरुस्तीला अजून दोन दिवस लागतील. चारशे घरांना हवी असलेली माहिती एका माणसाकडे होती आणि ती विचारायला कोणी गेलंच नव्हतं.

नागपूरच्या रिंग रोडबाहेर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शेतांचे ले-आऊट पडले, ले-आऊटची वस्ती झाली आणि अनेक ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती, नगर परिषदा झाल्या. वाडी, वानाडोंगरी, बुटीबोरी, बेसा-पिपळा ही त्यातलीच गावं. माणसं नोकरीला शहरात जातात आणि मुक्कामाला इकडे येतात. शहराच्या पेपरात अशा गावाला जागा मिळते ती अपघात झाला तर, नाहीतर निवडणूक लागली तर. दहनघाटाच्या रस्त्याचं काम कोणाला मिळालं, कर आकारणीवर हरकत घ्यायची शेवटची तारीख कोणती, याची बातमी गावालाच करावी लागते. ती कशी करायची हे आम्ही हळूहळू शिकलो. तुमच्या वस्तीत सुरू करायचं असेल तर खालच्या क्रमाने जा.

पहिलं काम: कोणती गोष्ट कोणाच्या हद्दीत, याचा तक्ता

हे आधी केलं नाही तर पुढचे सहा महिने चुकीच्या दारात उभं राहण्यात जातात. वेशीवरच्या गावात एकाच चौकात चार कार्यालयांची हद्द मिळते. मुख्य रस्ता राष्ट्रीय महामार्ग असू शकतो. अमरावती रोड हा महामार्ग क्रमांक ५३ आहे, वर्धा रोड हा ४४. त्याला लागून आत वळणारा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा जिल्हा परिषदेचा असतो आणि गल्ली नगर परिषदेची. ले-आऊट अजून नगर परिषदेकडे हस्तांतरित झाला नसेल तर तिथल्या रस्त्यासाठी आणि गडरलाइनसाठी, म्हणजे सांडपाण्याच्या वाहिनीसाठी, नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे लोक ज्याला मेट्रोरिजन म्हणतात तिकडे, बोट दाखवलं जातं. हे प्राधिकरण २०१७ मध्ये झालं आणि त्याच्या कक्षेत सातशेच्या वर गावं आहेत. बुटीबोरीत शिवाय एमआयडीसी आहे. कामठीत एकीकडे नगर परिषद आहे आणि लगतच लष्करी छावणीचा कारभार पाहणारी छावणी परिषद. तिथे रस्ता ओलांडला की कायदाच बदलतो.

म्हणून एक मोठा कागद घ्या. त्यावर वस्तीचा हातानेच नकाशा काढा. प्रत्येक रस्ता, नाली, पाण्याची टाकी, ओपन स्पेस, शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रेशन दुकान त्यावर मांडा आणि प्रत्येकापुढे मालक कार्यालयाचं नाव लिहा. विजेच्या खांबांवर क्रमांक रंगवलेले असतात, तेही उतरवून घ्या. "आमच्या गल्लीतला दिवा बंद आहे" या तक्रारीचं काय होतं हे मी पाहिलं आहे. खांब क्रमांक दिला तर माणूस थेट तिथे येतो. आमचा नकाशा पुरा व्हायला दोन रविवार लागले. काही जागा कोणाच्या आहेत हे शेवटपर्यंत कळलं नाही. तिथे प्रश्नचिन्ह टाकलं. पुढे जे अर्ज करावे लागले त्यातले निम्मे त्या प्रश्नचिन्हांमधूनच निघाले.

ले-आऊटमध्ये प्लॉट असलेल्यांनी एक गोष्ट वेगळी तपासावी. मंजूर नकाशात ओपन स्पेस आणि सार्वजनिक उपयोगाची जागा कोणती दाखवली आहे? नकाशाची प्रत मिळवून वस्तीत ठेवा. ती जागा बागेसाठी, शाळेसाठी राखलेली असते आणि लक्ष नसेल तर तिच्यावर कुंपण पडायला वेळ लागत नाही.

फळा

फळाच का, असं बरेच जण विचारतात. सगळ्यांकडे मोबाइल आहेच की. पण ग्रुपवरचा निरोप दुपारपर्यंत शुभेच्छांखाली गाडला जातो, आणि आमच्या वस्तीतल्या किती तरी म्हाताऱ्या माणसांकडे, घरकामाला जाणाऱ्या मावशींकडे ग्रुप नाही. फळा सगळ्यांना सारखाच दिसतो.

जागा निवडताना माणसं आपणहून जिथे थांबतात ती निवडा, दूध केंद्र किंवा पोह्यांची टपरी. भिंत खाजगी असेल तर मालकाची लेखी संमती घ्या, नगर परिषदेची असेल तर लेखी परवानगी. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपणाला आळा घालणारा १९९५ चा कायदा आहे. विनापरवाना काही लावलं तर पहिली तक्रार तुमच्यावरच होईल. प्लायवूडवर फळ्याचा रंग दोन हात द्या, वर वीतभर पत्र्याचं छप्पर लावा. मे महिन्यात खडू चालतो, पण जुलैत ओल्या हवेत अक्षर उठत नाही, तेव्हा आम्ही खडू रात्रभर तव्याशेजारी ठेवतो.

लिहायची रीत मात्र पक्की असू द्या. प्रत्येक बातमीत चार गोष्टी हव्यात: कधी, कुठे, काय, आणि कोणी सांगितलं. आमच्या फळ्यावरचा एक नमुना:

"मंगळवार. टाकीजवळची वाहिनी फुटली. दुरुस्ती सुरू. पाणी उद्या सकाळी. पाणीपुरवठा विभागाकडून फोनवर, सकाळी ६."

शेवटचं वाक्य गाळू नका. माहिती चुकली तर ती कुठून आली हे लोकांना दिसतं आणि पुढच्या वेळी तेही स्वतः विचारायला शिकतात.

काही गोष्टी आम्ही लिहीत नाही. ऐकीव नाही. कागद हातात नसेल तर कोणाच्या नावाने आरोप नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामी हा गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी शेजाऱ्याचं नाव चौकात खराब करायचा अधिकार खडूला नाही. कोणाच्या घरचं आजारपण नाही. निधनाची वार्ता घरच्यांनी सांगितल्यावरच. पक्षाचा प्रचार नाही, वाढदिवस तर अजिबात नाही.

चूक झालीच तर? आमची झाली होती. मालमत्ता कराचं शिबिर शुक्रवारी होतं आणि मी शनिवार लिहिलं. सुटी टाकून आलेली माणसं बंद दारावरून परत गेली. मी तीन दिवस फळ्याच्या डोक्यावर, मूळ बातमीच्याच अक्षराएवढ्या अक्षरात, "दुरुस्ती" म्हणून ते लिहिलं आणि ज्यांची खेप वाया गेली त्यांच्या घरी जाऊन आले. तेव्हापासून नियम केला: तारीख आणि वेळ दोन माणसांनी तपासल्याशिवाय फळ्यावर जायची नाही. एकाने कागद वाचायचा, दुसऱ्याने फळा.

फळ्याच्या वरच्या पट्टीवर रंगाने कायमचे क्रमांक लिहून ठेवा: ११२ पोलीस आणि आणीबाणी, १०८ रुग्णवाहिका, १०१ अग्निशमन, १९१२ वीज. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागपुरातल्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा लोक झोपेत होते. अशा वेळी मोबाइलमध्ये क्रमांक शोधत बसायला वेळ नसतो. पावसाळ्याआधी आणखी एक यादी करून दोन घरांत ठेवा, वस्तीत एकटे राहणारे वृद्ध कोण, अंथरुणाला खिळलेले कोण, तळमजल्यावर कोण. ही यादी फळ्यावर लावायची नाही.

मोबाइलचा ग्रुप

ग्रुप ठेवा, पण सूचनांसाठी वेगळा, ज्यात दोघा-तिघांनाच लिहिता येईल. त्यात रोज फळ्याचा फोटो टाका. बाकी गप्पांचा ग्रुप निराळा.

रात्री अकराला "मुलं पळवणारी टोळी आली आहे" असा निरोप येतो, तेव्हा तो पुढे ढकलण्याआधी पोलीस ठाण्याला फोन करा आणि तिथे काय उत्तर मिळालं तेवढंच लिहा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून जमावाने भिक्षा मागायला आलेल्या भटक्या समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. त्या दिवशी त्या गावात कोणीतरी एकाने खात्री करून घेतली असती तर, हा विचार मला प्रत्येक फॉरवर्डच्या वेळी येतो.

छापील पत्रक काढायचा उत्साह पुढे-मागे येतोच. एखाद्या प्रसंगाचं पत्रक वेगळं. पण ठरावीक मुदतीने बातम्या छापून प्रकाशित करायच्या असतील तर १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. आम्ही फळ्यावरच थांबलो.

बातमी आणायची कुठून

आठवड्यातून एकदा नगर परिषदेच्या सूचना फलकासमोर जाऊन उभे राहा. निविदा, हरकती-सूचना, कर आकारणीच्या याद्या, प्रभाग रचना, सगळं आधी तिथे लागतं. फोटो काढा, शेवटची तारीख शोधा आणि फळ्यावर ती तारीख सगळ्यात मोठी लिहा. मालमत्ता कराची चार वर्षांनी होणारी आकारणी लागते तेव्हा हरकतीची मुदत ठरलेली असते. ती टळली की वाढलेला कर चार वर्षं भरत राहावा लागतो. त्या काळात आम्ही फळ्यावर उरलेल्या दिवसांचा आकडा रोज बदलतो.

बाकी ठिकाणं म्हणजे तलाठी कार्यालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, रेशन दुकान, शाळेची व्यवस्थापन समिती, पोलीस ठाणं. हे आपसात वाटून घ्या. ज्याचं ज्या ठिकाणी जाणं-येणं असतं त्याच्याकडे ते ठिकाण. आमच्याकडे आरोग्य केंद्राची बातमी एक आशाताई आणतात आणि त्यांची बातमी आजवर चुकली नाही.

वर्षाचंही एक चक्र आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंदाजपत्रक, म्हणून आपल्या गल्लीचं काम सुचवायचं पत्र दिवाळीनंतर लगेच द्यायचं. मार्चमध्ये दिलेलं पत्र पुढच्या वर्षाच्या फायलीत जातं. मे महिन्यात नालेसफाई झाली की नाही ते पाहायचं. मतदार यादीसाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार पात्रता तारखा आहेत. अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींना नमुना ६ भरायला लावायचा.

गाव अजून ग्रामपंचायतीत असेल तर तुमच्या हातात नगर परिषदवाल्यांकडे नसलेली गोष्ट आहे, ती म्हणजे ग्रामसभा. आर्थिक वर्षात किमान चार व्हायलाच हव्यात. पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यातली जी संख्या कमी ती गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी. शंभर माणसं जमवणं फळ्याला अवघड नाही.

नगर परिषदेत १९६५ च्या अधिनियमाप्रमाणे सर्वसाधारण सभा होतात. विषयपत्रिका नगरसेवकांना आधी मिळते, ती त्यांच्याकडून मागून घ्या. सभेला बसता येईल का हे सभा लिपिकाला आधीच विचारून ठेवा. निवडून आलेली सभा नसेल, प्रशासक असतील, तरी निर्णय ठराव म्हणूनच लिहिले जातात आणि त्या ठरावांची प्रत मागता येते. अनेक नगर परिषदांवर काही वर्षं प्रशासक होते, तेव्हा "आता कोणाला विचारणार" म्हणून लोक गप्प बसले. विचारता येत होतं.

अर्ज

तोंडी सांगितलेलं काम कार्यालयात कुठेच नसतं. साहेब ऐकतात, मान हलवतात, बदली होऊन जातात.

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करा. एका अर्जात एकच विषय. ठिकाण असं लिहा की नवा माणूसही पोहोचेल: प्रभाग, गल्ली, घर क्रमांक किंवा खांब क्रमांक. किती दिवसांपासून, किती घरांना त्रास, आणि नेमकं काय हवं. "योग्य ती कार्यवाही करावी" असं लिहिलं तर योग्य काय ते तेच ठरवतील. त्यापेक्षा "नालीवरील तीन फुटलेले ढापे बदलावेत" असं लिहा. सोबत तारीख दिसणारे दोन फोटो. खाली सह्या, पण नाव आणि घर क्रमांकासकट, नुसत्या रेघोट्या नकोत.

दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पहिल्या वेळी खिडकीतल्या बाईंनी माझा अर्ज ठेवून घेतला आणि म्हणाल्या, "ठेवून जा ताई, देऊ साहेबांना." मी तिथेच उभी राहिले. मागे रांग वाढली. पाच मिनिटांनी त्यांनी ड्रॉवरमधून शिक्का काढला. आवाज चढवावा लागला नाही, नुसतं थांबावं लागलं. अगदीच घेत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती चिकटवून ठेवा. आवक क्रमांक त्याच संध्याकाळी फळ्यावर लिहा. पंधरा दिवसांनी त्याच ओळीखाली "उत्तर नाही" किंवा "काम सुरू". साहेबही त्या चौकातून जातात.

दाखला, नळजोडणी, मालमत्ता उतारा यांसारख्या सेवांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. सेवेची मुदत आणि अपील अधिकाऱ्याचं नाव कार्यालयात लावलेलं असलं पाहिजे. आणि स्वतःची वैयक्तिक तक्रार अडली असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. अर्ज विहित नमुन्यात, पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. न्यायालयात असलेलं प्रकरण तिथे घेत नाहीत.

माहितीचा अधिकार

आमच्या गल्लीत नाली झाली. काम झाल्याचा फलक लागला, फोटो निघाले. पण नाली एकाच बाजूला. दुसऱ्या बाजूच्या घरांचं सांडपाणी रस्त्यावरच. विचारलं तर "तेवढंच मंजूर होतं" हे उत्तर.

माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज केला. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून शब्द जपून वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. "नाली का केली नाही" असा प्रश्न लिहू नका; कारणं विचारली की "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर येतं. कागद मागा. बांधकामासाठी मागायचे कागद हे: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, अंतिम देयक, आणि दोष दायित्व कालावधी किती ते सांगणारी करारातली अट. रस्ता त्या कालावधीत उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो; ही एकच अट कळली तर फळ्यावर तिची अखेरची तारीख लिहून ठेवता येते.

तीस दिवसांत उत्तर यायला हवं. प्रती दोन रुपये पान. पानं खूप असतील तर प्रती न मागता अभिलेख पाहायला मागा. पहिला तास फुकट असतो. मी आणि काकाजी तसेच गेलो. मोजमाप पुस्तिका म्हणजे लांबट, जाड पुठ्ठ्याची वही, आत निळ्या शाईचे आकडे: लांबी, रुंदी, खोली, संख्या. काकाजींनी त्या रकान्यावर बोट ठेवलं. संख्येच्या रकान्यात दोन होतं. म्हणजे दोन्ही बाजू. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पाहिलं. दोनच होतं.

आम्ही कोणावर ओरडलो नाही. पानाची प्रत घेतली, रविवारी टेप घेऊन गल्ली मोजली, फोटो काढले आणि तिन्ही गोष्टी जोडून नवा अर्ज दिला. फळ्यावर एवढंच: "नालीच्या कामाची मोजमाप पुस्तिका पाहिली. नोंद दोन बाजूंची. जागेवर एक. अर्ज दिला, आवक क्रमांक अमुक." तीन महिन्यांनी दुसऱ्या बाजूला खोदकाम सुरू झालं.

उत्तर आलंच नाही किंवा अर्धवट आलं तर त्याच कार्यालयातल्या प्रथम अपील अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे. आयोगाचं खंडपीठ नागपुरातच आहे. तिथे वेळ लागतो, हे आधीच धरून चला आणि तोवर बाकीची कामं थांबवू नका.

वही

फळा रोज पुसला जातो, म्हणून पुसण्याआधी फोटो घ्या आणि मजकूर शंभर पानी वहीत उतरवा. एक दिवस, एक पान. उजव्या समासात आवक क्रमांक. वही एकाच घरात ठेवू नका. महिन्याअखेर पानांच्या झेरॉक्स दुसऱ्या घरी.

यंदा पुन्हा पाण्याची ओरड झाली तेव्हा कार्यालयात सांगण्यात आलं की असं पहिल्यांदाच होतंय. आम्ही तीन उन्हाळ्यांची पानं टेबलावर ठेवली. प्रत्येक पानावर तारीख होती, किती दिवस पाणी नव्हतं ते होतं आणि कोणाशी बोलणं झालं तेही. अभियंत्यांनी पानं उलटली आणि वाहिनी बदलण्याचा प्रस्ताव कधीपर्यंत ठेवता येईल ते सांगितलं. ती तारीख दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळ्यावर लिहिली, आणि वहीत.

आता काकाजींचे गुडघे दुखतात. सकाळी नववीतली एक मुलगी येते, तिचं अक्षर आमच्या दोघांपेक्षा सुवाच्य आहे. कागद काकाजी वाचतात, फळा ती.